जोड्या लावणारे टिपणीस

टिपणीस कधी नमस्कार करत नसत. ते उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि एक इंग्रजी क्रियापद तुमच्या अंगावर फेकायचे. "पे—" एवढंच म्हणून थांबायचे. बोट वर, भुवया वर, आणि तुम्ही "अटेन्शन" किंवा "व्हिजिट" म्हणेपर्यंत सुटका नाही. सकाळी कारखान्याच्या गेटवर कार्ड पंच करायला रांग लागलेली, मागून लोक शिव्या घालतायत, आणि हा गृहस्थ माझी वाट अडवून "कॅच—" म्हणून उभा! "कोल्ड!" असं ओरडून मी आत सटकायचो. आता सांगा, भल्या सकाळी चारचौघांत "कोल्ड" म्हणून ओरडणं ह्या वयाला शोभतं का?

मी पाटणकर. टिपणीस यायच्या आधी आमच्या अंबरनाथच्या कारखान्यात इंग्रजी म्हणजे पाटणकर आणि पाटणकर म्हणजे इंग्रजी. हे मी नाही, मोठे साहेब म्हणायचे. जर्मनीला टेलेक्स पाठवायचाय? पाटणकर. कॉलनीत कुणाच्या मुलाचा अर्ज लिहायचाय? पाटणकर. मी आधी "वेळ कुठेय हो मला" म्हणायचो आणि मग ऐटीत लिहून द्यायचो. बरं चाललं होतं. तेवढ्यात हे टिपणीस बदलीवर आले, माझ्याच समोरच्या टेबलावर बसले आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

त्यांचं एक शास्त्र होतं. "शब्दांचीही लग्नं लागलेली असतात, पाटणकर. ही 'मिस्टेक' दिलीय 'मेक'च्या घरात. तुम्ही तिला उगाच 'डू'कडे पाठवता. नांदेल कशी? 'होमवर्क' बघा, 'डू'कडे कशी सुखात आहे!" 'ऑन', 'इन', 'फॉर' ह्या त्यांच्या हिशेबी करवल्या. 'डिपेंड' घराबाहेर पडली की 'ऑन' कऱ्हा-दिवा घेऊन तिच्या मागे उभीच. ऐकणारे माना डोलवायचे. मला मनातल्या मनात वाटायचं, हे मला का नाही सुचलं मेलं?

एकदा मी जर्मनांना टेलेक्स लिहिला, 'वी डिस्कस्ड अबाउट द पंप.' कागद मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता. टिपणीस सहज वाकले आणि हळहळले, "अरेरे! 'डिस्कस' एकटा जीव हो. त्याला करवली लागत नाही. हे 'अबाउट' म्हणजे बाहेरचं लफडं!" साहेब इतके हसले की चहा शर्टावर सांडला. त्या दिवसापासून टेलेक्स टिपणीसांकडे गेले. वर कॅन्टीनमध्ये लोक मला विचारायला लागले, "काय पाटणकर, लफडं कसं आहे?" अंगाची आग होणार नाही तर काय होणार?

पुढे दिवाळीच्या आधी आम्ही उल्हासनगरला पँटचं कापड घ्यायला गेलो. म्हणजे मी निघालो आणि ते चिकटले. म्हटलं बरंय, तिथल्या शेठपुढे ह्यांची चांगली जिरेल. शेठ मीटरपट्टीनं कापड मोजतोय तोच ह्यांचं बोट वर, "कीप—". शेठनं क्षणभर पाहिलं, मग छाती काढून म्हणाला, "कीप द चेंज, साईं! हमारी दुकान में आज तक कोई बोला नहीं, लेकिन हमको मालूम है!" टिपणीसांनी गल्ल्यावरून वाकून त्याला मिठीच मारली. मला नेहमीचा भाव, आणि त्यांना मलईची लस्सी. त्या दुकानात मी लग्न झाल्यापासून जातोय.

इथवर मी गिळलं. पण कारखान्याच्या सत्यनारायणाला त्यांनी माझ्याच बायकोला धरलं. "वहिनी, चहा—" म्हणून बोट वर. मालती पदर सावरत म्हणाली, "टाकू का?" झालं! टिपणीस आनंदानं वेडे. "वा! चहा टाकतात! आणि रांगोळी?" "काढतात." "केर?" "काढतात." "मुलाची दृष्ट?" "तीही काढतातच की, भाऊजी!" मग आजूबाजूच्या चार बायका जमल्या आणि फोडणी देतात, विरजण लावतात, वाती वळतात, असा दंगा चालला. मी प्रसादाचा द्रोण घेऊन एकटा खांबापाशी. घरी येताना मालती म्हणाली, "किती मन लावून ऐकतात हो टिपणीस भाऊजी! नाहीतर तुम्ही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ओरडता."

हा माणूस बायकांत इतका का घोटाळतो, ह्याचा मला संशय यायला लागला. बरं, स्वतःची बायको कधी कुठे आणणार नाही. हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो, "तिच्यासाठी पुडी बांधून द्या हो" एवढंच. पाच वाजले की कसलंही काम टाकून बदलापूरचं घर गाठायचे. मी कॅन्टीनमध्ये सांगून टाकलं, "बाईला इंग्रजी येत नसणार. लाज वाटते स्वारीला." लोकांना ते पटलं, आणि मला जरा बरं वाटलं.

अशात मोठ्या साहेबांनी जाहीर केलं की नवीन यंत्रांचं काम समजून घ्यायला एक माणूस काही महिने जर्मनीला जाईल. अहो, शाळेपासून इंग्रजी घोकलं ते ह्याच दिवसासाठी! तोवर माझी मजल पुण्यापुढे गेली नव्हती. विमानात कुठल्या बाजूला बसायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं. आणि नाव लागलं कुणाचं? टिपणीसांचं. मला जेवण जाईना. मालती म्हणाली, "ताप आहे का?" म्हटलं, "टिपणीस आहे."

दोन दिवसांनी साहेबांनी मला आत बोलावलं. टिपणीस नको म्हणाले होते. घरी जमणार नाही, एवढंच कारण. आता मी जायचं होतं. खरं तर मी नाचायला हवं होतं. पण मिळालं ते टिपणीसांनी पानात टाकलेलं! मी जाणार हे ऐकून मालतीही म्हणाली काय, तर "भाऊजींनी सोडलं म्हणून बरं." त्या रविवारी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि त्यांचं बदलापूरचं घर शोधत मांजर्लीला निघालो. मीठ चोळणं बरं दिसत नाही, म्हणून पेढा चोळायचा होता.

तळमजल्यावरचं घर. भिंतीवर पुराच्या पाण्याची मातकट रेघ अजून होती. दार उघडंच. हाक मारणार तोच आतून टिपणीसांचा आवाज आला, "केर—". मग काहीच नाही. मला वाटलं बोलणं संपलं. एवढ्यात बाईचा जड, अडखळता आवाज आला, "का... ढा."

टिपणीस हातात केरसुणी घेऊन उभे होते. खुर्चीत वहिनी. उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा. केसांची वेणी वाकडीतिकडी, पुरुषाच्या हातानं घातलेली कळत होती.

"या या! बघ, हेच ते पाटणकर. पेढे आणलेत. तोंड—"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर शब्द आला होता. टिपणीसांनी मागच्या मागे हात हलवून मला गप्प केलं.

"गोड... करा," वहिनी म्हणाल्या आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या.

"ही उल्हासनगरला शाळेत इंग्रजी शिकवायची," टिपणीस म्हणाले. "ते नांदणं, ती करवली, सगळं हिचं. पोरींना असं शिकवायची. लफडं तेवढं माझं. अहो, माझं इंग्रजी तुमच्याहून वाईट होतं, लग्नानंतर हिनं घासूनपुसून घेतलं. मग झटका आला. हातपाय निम्मे गेले, बोलणं गेलं. इंग्रजी तर पारच पुसलं. मराठीतलं रोजचं मात्र, अर्धं मी दिलं की अर्धं येतं कधीकधी. म्हणून बायकांना विचारत फिरतो. माझ्याकडच्या जोड्या संपतात हो."

"आणि इंग्रजी?" मी विचारलं.

"ते आता तिला विचारता येत नाही. मग बाहेर विचारतो. तिचं कुणीतरी पुरं केलं की बरं वाटतं."

मी उगाच पुड्याची दोरी गुंडाळत राहिलो. टिपणीसच हसून म्हणाले, "एक गंमत दाखवू?" आणि वहिनींसमोर उकिडवे बसले. "नाव—"

नाव घेतात. लग्नात, बारशाला, उखाण्यात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"शरद," त्या म्हणाल्या.

टिपणीस कानापर्यंत लाल झाले. "चुकतं तिचं. दरवेळी माझंच नाव म्हणते. पण ही एक चूक मी दुरुस्त करत नाही."

जर्मनीला मी जाणार होतो, आणि तरी जळत मीच होतो. माझ्या घरात मी जन्मभर 'अहो' आहे. मालतीच्या तोंडून माझं नाव मी उखाण्याबाहेर कधी ऐकलेलं नाही, आणि मीही तिचं वाक्य कधी पुरं होऊ दिलेलं नाही.

निरोप घेऊन बाहेर आलो तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. चपला घालत होतो. आतून आवाज आला, "दिवा—".

उत्तर नाही. मी थांबलो. पुन्हा, "दिवा—". तरी शांत. एवढी सोपी जोडी! मला राहवेना.

"लावा!" मी बाहेरून ओरडलो.

"पाटणकर, तुम्ही नाही!" आतून टिपणीस ओरडले. "तिला म्हणू द्या!"

मी एक चप्पल पायात, एक हातात, तसाच फाटकाशी उभा राहिलो. शेजारच्या घरांत एकेक करत उजेड झाला. ह्यांच्या खोलीत अंधार दाटला, तरी कुणी बटणाला हात लावेना. डास चावत होते, पण मी हललो नाही. वहिनींचा शब्द मला ऐकू आला नाही, पण बऱ्याच वेळानं खिडकीत उजेड पडला.