झाकलेल्या डबीचं व्रत

एका जंगलात, मुलांनो, कुणाला काही म्हणजे काही कमी नव्हतं. झाडं फळांनी वाकलेली, पाणी गोड, आणि वाघही म्हातारा होऊन उन्हात पडलेला. जिथे कमी काही नसतं, तिथे दोन गोष्टी वाढतात. एक खेळ आणि दुसरी चर्चा.

खेळ करायचा तो ठोकूअण्णा. ठोकूअण्णा म्हणजे सुतारपक्षी. जुन्या उंबराच्या ढोलीत त्याचं घर, आणि घरापुढच्या फांदीवर त्याचा कारखाना. तिथे बसून तो खेळडब्या घडवायचा.

खेळडबी म्हणजे काय, ते नीट ऐका. पंजात मावेल एवढी लाकडी डबी. वर अभ्रकाची काच. काचेखाली काजवे. काजवे लुकलुकले की काचेवर चित्रं हलतात. आत बारीक चाकं, चाकं फिरवायला मुंग्या, आणि मुंग्यांना गुळाचा खडा. गूळ आहे तोवर खेळ चालतो. गूळ संपला की खेळ थांबतो. तुमच्या घरी त्यालाच बॅटरी उतरली म्हणतात.

सुतारपक्षी मुंग्या खातो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण कामावरच्या मुंगीला चोच लावायची नाही, हा ठोकूअण्णाचा धर्म होता. त्याचं पोट चालायचं ते वेगळ्या रीतीने. ज्याने डबी न्यावी, त्याने ढोलीत अळ्या नाहीतर फळं ठेवून जावी.

एकदा ठोकूअण्णाने नवीन डबी करायला घेतली. ही दुहेरी होती. झाडाखाली बसलात तर हातात धरून खेळा. घरी आलात की लाकडी खोबणीत बसवा, मग तेच चित्र समोरच्या कातळावर थोरलं होऊन दिसेल.

“कधी येणार?” जंगलाने विचारलं.

“चातुर्मास सरला की.”

“आत काय काय असणार?”

“लागेल ते असणार,” ठोकूअण्णा म्हणाला आणि ठोकायला लागला. चोचीनेच काम करायचं म्हटल्यावर बोलणार कधी?

इथेच त्याचं चुकलं. जो आपलं आपण सांगत नाही, त्याचं सांगायला दुसरा बसलेलाच असतो.

तो दुसरा म्हणजे सरडोपंत. सरडोपंत कुंपणावर बसायचा. त्याला कारखान्यात कधी कुणी बोलावलं नव्हतं. पण कारखान्याच्या फांदीला थोडी वाळवी लागली होती, आणि त्यातली एक वाळवी आपल्या घरोब्याची आहे, असं तो सांगायचा.

“तिचं नाव तेवढं विचारू नका,” तो मान हलवत म्हणायचा. “गरिबाची नोकरी जाईल.”

“बरं, नाव नको. आत काय आहे ते सांगा,” अस्वलकाका म्हणाले.

“मुंग्या पहिल्यापेक्षा दुप्पट. आणि साध्या नाहीत. डोंगळे आहेत.”

“डोंगळे एवढ्याशा डबीत मावतील?”

“दुमडून बसवलेत.”

हत्तीदादाची काळजी वेगळी होती. मागच्या डबीचं बटण त्याच्या पायाखाली गेलं होतं, आणि बटणाबरोबर डबीही. “माझ्यासाठी काही केलंय का रे त्याने?” त्याने हळूच विचारलं.

“तुझ्यासाठी परातीएवढं बटण आहे. वाळवीने डोळ्यांनी पाहिलंय.”

“वाळवीला डोळे असतात?” अस्वलकाका म्हणाले.

“काका, तुम्हाला फार शंका येतात बुवा. मग ऐकू नका.”

ऐकू नका म्हटल्यावर कोण उठून जातं? अस्वलकाका आणखी जवळ सरकले.

तेवढ्यात चातुर्मास लागला. चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं, हे आजी असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण. सोडायचं ते आवडतं सोडावं. नावडतं कारलं सोडून पुण्य पदरात पडत नाही, हे बऱ्याच जणींनी करून पाहिलेलं आहे.

जंगलात ससूताई मोठी नेमाधर्माची. तिची एकादशी कधी चुकायची नाही. ती म्हणाली, “यंदा आपण सगळ्यांनी मिळून एक नेम धरू या. जुन्या डबीला हात लावायचा नाही. मन नव्या डबीकडे ठेवायचं.”

“आणि कहाणी?” कुणीतरी विचारलं. कहाणीशिवाय व्रत पुरं होत नाही.

सगळ्यांनी कुंपणाकडे पाहिलं. सरडोपंताचा रंग आनंदाने गुलाबी झाला.

मग रोज सांजवात व्हायच्या आधी सारं जंगल कुंपणापाशी जमायचं. मुठीत अक्षता धरायचे. सरडोपंत डोळे मिटून सुरू करायचा, “ऐक डबीमाते, तुझी कहाणी. आटपाट कारखाना होता. तिथे एक डोंगळा होता. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले...”

कहाणी संपली की सगळ्यांनी “आत असेल, आत असेल” म्हणायचं आणि अक्षता वाहायच्या.

आता कहाणीची एक खुबी आहे, मुलांनो. कहाणी ऐकताना मध्येच ‘हे कसं काय’ असं कुणी विचारत नाही. अस्वलकाकांनीसुद्धा विचारणं सोडलं, कारण मुठीत अक्षता होत्या. सरडोपंताला ही खुबी पहिल्याच दिवशी कळली. मग काय विचारता. डबी तापू नये म्हणून तिच्यात चतुर आले आणि पंखांनी वारा घालू लागले. चतुरांना गारवा हवा, म्हणून आत झरा आला. झरा आला तसा त्यावर पूल आला. श्रावणात नुसता डोंगळा होता तिथे अश्विनापर्यंत वस्ती झाली.

आणि इकडे ठोकूअण्णाच्या ढोलीत काय चाललं होतं?

काही चाललं नव्हतं. हीच तर पंचाईत होती. जुन्या डब्या फळीवर ओळीने पडून होत्या. नेम असल्यामुळे कुणी नेत नव्हतं, आणि कुणी नेत नाही म्हणून कुणी काही ठेवूनही जात नव्हतं. ठोकूअण्णा दिवसभर नव्या डब्या ठोकत होता, त्यामुळे अळ्या शोधायला जायला सवड नव्हती. समोरून कामावरच्या मुंग्या रांगेने जायच्या आणि तो तोंड फिरवून बसायचा.

कार्तिक लागला तेव्हा त्याची बायको टिकूवहिनी अंड्यांवर बसली होती.

“अहो,” ती म्हणाली, “एकदा जाऊन सांगून तरी या, आत खरं काय आहे ते.”

“सांगितलं.”

“मग?”

“हसले. म्हणाले, तुला काय ठाऊक, तू नुसता बनवणारा.”

टिकूवहिनीने अंडी पंखाखाली सारखी केली. “आणि नवीनही कुणी नेली नाही तर?”

“तर इथे पोट भरणार नाही. डोंगरापलीकडच्या रानात जावं लागेल.”

“आपण जाऊ हो. अंडी कशी येतील?”

ठोकूअण्णाने पुढची डबी जवळ ओढली. तो ठोकायला लागला.

कार्तिकी एकादशी झाली आणि नेम सोडायचा दिवस उजाडला. ठोकूअण्णाने नव्या डब्या टोपलीत घालून कुंपणापाशी आणल्या. ससूताईने स्नान करून पहिली डबी हातात घेतली. फूल धरावं तशी हलकी होती. काचेवर कोवळं गवत हललं, गवतात चिमुकला ससा धावला. ससूताईने डबी खोबणीत बसवली, आणि समोरच्या कातळावर अख्खं कुरण उगवलं. म्हातारा वाघसुद्धा उठून बसला.

हत्तीदादासाठी एक जाड दोरी होती, सोंडेने ओढायची. तो ती ओढत होता आणि कातळावरचा ससा उड्या मारत होता. हत्तीदादा इतका खुश झाला की त्याचे कान हलायचे थांबेनात.

ठोकूअण्णाने तेव्हा पहिल्यांदा फांदीवर टेकून श्वास घेतला.

“छान आहे,” सरडोपंत म्हणाला. “छान नाही असं मी म्हणत नाही. पण डोंगळे कुठे आहेत?”

सगळ्यांनी डब्या उलटसुलट करून पाहिल्या.

“झरा वाजत नाही,” अस्वलकाका डबीला कान लावून म्हणाले.

हत्तीदादाने सोंडेतली दोरी पाहिली. “मला बटण म्हणाले होते,” तो म्हणाला. “परातीएवढं.”

“दोरी जमतेय ना पण?” ठोकूअण्णाने विचारलं.

“जमतेय रे. पण बटण म्हणाले होते.”

ससूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. “चार महिने अक्षता वाहिल्या. त्या काय खोट्या?”

“ताई, खेळ तर चालतोय.”

“चालतोय, अण्णा. पण कहाणीप्रमाणे चालत नाहीये.”

“उघडूनच बघू,” सरडोपंत म्हणाला. “मनात किंतु नको.”

“उघडू नका. उघडलीत की...” ठोकूअण्णा म्हणेपर्यंत झाकणं निघालीही. उजेड दिसताच मुंग्या रांग धरून घरी निघाल्या. काजवे झाडीत उडाले. गुळाचे खडे होते, ते अस्वलकाकांनी बघता बघता चाखले. चाकं गवतात घरंगळली.

“बघा,” सरडोपंत म्हणाला, “आत काही नाही.” त्याचा रंग आता मातकट झाला होता. “काहीतरी वेगळंच असणार, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.”

जो तो रिकामी डबी ठेवून घरी गेला.

ठोकूअण्णाने डब्या टोपलीत भरून ढोलीपर्यंत आणल्या. “मी पलीकडे जाऊन एखादं झाड बघून येतो,” तो म्हणाला.

“आत्ता नको. आधी इथे बसा जरा,” टिकूवहिनी म्हणाली. त्याला अंड्यांवर बसवून ती बाहेर आली. रिकाम्या डब्या तिने पुसल्या, उन्हात मांडल्या, आणि धूळ बसू नये म्हणून झाकणं लावली. नवऱ्याच्या चोचीचं काम होतं ते, टाकवेना.

तेवढ्यात ससूताई आली. झालं ते तिच्या मनाला लागलं होतं. माफी मागायला आली होती बिचारी. पण झाकणं पाहिली आणि माफी तोंडातच राहिली.

“वहिनी, ह्या कुठल्या?”

“त्याच की. वाळत घातल्यात.”

“मग झाकणं का लावलीत?”

“धूळ बसते.”

“आत काय आहे?”

“काही नाही हो, ससूताई. आत काय असणार आता.”

ससूताई तशीच कुंपणाकडे गेली आणि सरडोपंताला सगळं सांगितलं.

“काही नाही म्हणाली?” सरडोपंताने विचारलं. “कशी म्हणाली?”

“साधी. नेहमीसारखी.”

“म्हणजे आहे.”

संध्याकाळ व्हायच्या आत उंबराखाली ही गर्दी जमली. अस्वलकाकांनी मधाचं पोळं आणलं, हत्तीदादाने फणस. कुणी अळ्या, कुणी बोरं. ज्याने त्याने आपल्या पसंतीची झाकलेली डबी उचलली.

टिकूवहिनी पापभीरू होती. ती प्रत्येकाला अडवून सांगत होती, “अहो, आत काही नाही. आधीच सांगते.”

“हो हो,” लोक म्हणत होते आणि एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते. अस्वलकाका तर दोन डब्या घेऊन गेले.

सरडोपंताने तिथल्या तिथे नियम सांगून टाकले. डबी देव्हाऱ्यात ठेवायची. सांजेला कहाणी ऐकायची. झाकण काढायचं नाही. “उघडलं की आतलं निघून जातं. मागच्या खेपेला पाहिलंत ना.” हे मात्र त्याचं अगदी खरं होतं.

अंड्यांतून पिल्लं बाहेर आली तेव्हा ढोली खाऊने भरलेली होती.

ठोकूअण्णाला मात्र चैन नव्हतं. “हे बरं नव्हे,” तो म्हणाला. “मी सुतार आहे. झाकणं विकायला बसलो नाही.”

“मग करा की खरी डबी. तुम्हाला कुणी धरलंय?” टिकूवहिनी म्हणाली. “मी लोकांना खरं सांगते, तुम्ही खरं बनवा.”

त्याने केली. निघून गेलेल्या मुंग्या गुळाच्या वासाने आपण होऊन परत आल्या. काजवेही आले. मग उंबराखाली कातळावर पुन्हा कुरण उगवू लागलं, आणि पिल्लं चोची वर करून ते बघू लागली.

एकदा हत्तीदादा तिकडून चालला होता. तो थांबला. ठोकूअण्णाने त्याच्या सोंडेत दोरी दिली. हत्तीदादा पोटभर खेळला. निघताना त्याने विचारलं, “ही एवढी चालते तरी कशाने रे? आत आहे तरी काय?”

“मुंग्या,” ठोकूअण्णा म्हणाला.

हत्तीदादा हसला. “सांगायचं नसेल तर राहू दे,” तो म्हणाला, आणि आपल्या झाकलेल्या डबीची सांजवात लावायला घाईने घरी गेला.

तर मुलांनो, टिकूवहिनीच्या ढोलीला जसं भरभरून मिळालं, तसं तुम्हा-आम्हाला मिळो. डबीमातेची कहाणी इथे पुरी झाली. अक्षता वाहा आणि जेवायला बसा.

तात्पर्य : नेहमी खरंच बोलावं. त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि संसार सुखाचा होतो.