पेन ड्राइव्ह आपोआप उघडावा याबाबत

जे काम एका बोटाने होते ते बोटही न लावता झाले पाहिजे, या आग्रहावर मानवजातीची सगळी प्रगती उभी आहे. हा आग्रह नसता तर आपण आजही दारे हाताने उघडत बसलो असतो. (आमच्या घरातली दारे आजही हातानेच उघडतात, पण ती लिनक्सवर चालत नाहीत.)

आमच्या घरात प्रगतीचे खाते दादाकडे आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. नोकरीने तो पाण्याचे मीटर तपासतो, वृत्तीने संगणकतज्ज्ञ आहे. चार वर्षांपूर्वी त्याने घरातल्या एकुलत्या एक लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवली आणि तेव्हापासून त्या लॅपटॉपवर काहीही साधेपणाने झालेले नाही. दादा याला स्वातंत्र्य म्हणतो. इतर यंत्रांत बिघाड झाला की माणूस हतबल होतो, लिनक्समध्ये बिघाड झाला की माणूस कामाला लागतो. या न्यायाने दादा चार वर्षे कामात आहे.

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठला वहिनीने त्या लॅपटॉपला पेन ड्राइव्ह लावला. त्यात तिने काढलेली पानाफुलांची चौसष्ट चित्रे होती, दुकानातून स्कॅन करून आणलेली. देठ, शिरा, पाकळ्या, सगळे मोजूनमापून. पूर्वी ती शाळेच्या पुस्तकांसाठी अशी चित्रे काढायची. मग मुलगी झाली, आमच्या वडिलांचे आजारपण आले, आणि अकरा वर्षे कुठे गेली ते कळले नाही. आता एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी तिला बोलावले होते. चौसष्टांतली बारा निवडायची, प्रत्येकाला नाव द्यायचे आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत नेऊन दाखवायची. त्यानंतर बाई महिनाभर सुटीवर, आणि काम दुसऱ्या कोणाला तरी. वहिनीला हे काम हवे होते. इतके हवे होते की तिने घरात त्याबद्दल फारसे बोलणेही टाळले होते.

पेन ड्राइव्ह लावल्यावर पडद्यावर त्याची खिडकी आपोआप उघडायला हवी. ती उघडली नाही.

येथे थोडे तांत्रिक विवेचन करणे भाग आहे. पाहुणा दारात दिसणे वेगळे आणि त्याला आत घेऊन बसवणे वेगळे. लॅपटॉपला पेन ड्राइव्ह दिसत होता, डावीकडच्या यादीत त्याचे नावही आले होते. फक्त त्याला आत घेतले गेले नव्हते. या आत घेण्याला माउंट करणे म्हणतात. वहिनीने त्या नावावर एक टिचकी मारली. पाहुणा आत आला, चौसष्ट चित्रे समोर आली आणि ती पहिल्या चित्राला नाव देऊ लागली. एकूण वेळ चार सेकंद.

तेवढ्यात दादा चहाचा कप घेऊन आला.

“आपोआप उघडला?”

“नाही, मी उघडला. झालं की.”

“अगं, झालं काय? ही पळवाट झाली. उद्या पुन्हा उघडला नाही तर?”

“तर पुन्हा टिचकी मारीन.”

दादाने कपाळाला हात लावला, चित्रे बंद केली, पेन ड्राइव्ह काढला आणि खुर्ची ओढून बसला. “पाच मिनिटं दे,” तो म्हणाला. (पाच मिनिटे हे लिनक्समधले कालमापनाचे सर्वांत मोठे एकक आहे. त्यापुढे मोजत नाहीत.)

शेजारचे निवृत्त हेडक्लार्क वर्तमानपत्र मागायला आले होते, ते बिघाडाचे नाव ऐकून थांबले. त्यांना संगणकातले काही कळत नाही, पण कार्यपद्धतीतले सगळे कळते. लेखी नोंदीशिवाय चौकशी म्हणजे नुसत्या गप्पा, असे सांगून त्यांनी माझ्या हातात वही दिली. अशा रीतीने समिती स्थापन झाली: दादा अध्यक्ष, हेडक्लार्क सल्लागार, मी कारकून. वहिनीला समितीत घेता आले नाही. पेन ड्राइव्ह तिचाच असल्यामुळे ती निःपक्षपाती राहिली नसती.

वहीतल्या नोंदी पुढीलप्रमाणे आहेत.

८.५० – पेन ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टात लावला. उघडला नाही. निष्कर्ष: दोन्ही पोर्ट निर्दोष, किंवा दोन्ही दोषी.

९.०५ – अध्यक्षांनी पडद्यावर काळी खिडकी उघडून तीत आज्ञा टाइप केली. पेन ड्राइव्ह लावलेला आहे, असे काळ्या खिडकीने कळवले. अध्यक्षांना समाधान. (वहिनी: “ते मलाही दिसतंय.” तोंडी पुरावा, ग्राह्य धरला नाही.)

९.२० – आत घेण्याचे काम ज्या सेवेकडे आहे ती चालू आहे काय, हे पाहिले. चालू होती. बंद करून पुन्हा चालू केली. पूर्वीइतकीच चालू झाली.

९.४० – इंटरनेटवर नेमका हाच प्रश्न सापडला. नऊ वर्षांपूर्वी विचारलेला. खाली विचारणाऱ्यानेच लिहिले होते, “सुटला. धन्यवाद.” कसा सुटला ते लिहिलेले नव्हते. एवढा वेळ वाचवणाऱ्या माणसाबद्दल समितीने आदर व्यक्त केला.

दहाच्या सुमारास वहिनी ठेवणीतले कपडे घालून दारात उभी राहिली. “अहो, मला अर्धा तास द्या. टिचकी मारून उघडते, बारा चित्रं निवडते, मग दिवसभर बसा त्याच्यापुढे.”

“मध्येच हाताने उघडलास तर सगळी चाचणी बिघडेल गं.”

“वहिनी,” हेडक्लार्क समजुतीच्या स्वरात म्हणाले, “प्रकरण चौकशीत असताना मूळ कागद बाहेर देत नाहीत.”

तोपर्यंत पेन ड्राइव्ह एकतीस वेळा लावून झाला होता. पैकी हळूच नऊ वेळा, जोरात चौदा वेळा, श्वास रोखून पाच वेळा आणि आपले लक्ष नाही असे दाखवून अचानक तीन वेळा. शेवटच्या प्रकाराबद्दल दादाला बऱ्याच आशा होत्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी घोडे कुठे पेंड खाते ते दादाला सापडले, किंवा सापडले असे वाटले. लॅपटॉपमध्ये एक फाइल असते. सुरू होताना कोणाकोणाला आत घ्यायचे, त्याची ती यादी. “म्हणजे मस्टर!” हेडक्लार्क खुर्चीत ताठ झाले. “अरे, मग याचं नाव मस्टरवर चढव.” दादाने नाव चढवले, लॅपटॉप बंद करून सुरू केला, आणि पेन ड्राइव्ह आपोआप आत आला. आम्ही तिघांनी हस्तांदोलन केले. मला खरोखर गहिवरून आले होते, ते लपवण्यात अर्थ नाही.

यशाला दोन किरकोळ मर्यादा होत्या. पहिली म्हणजे, मस्टरवर येताच पेन ड्राइव्ह प्रशासनाच्या ताब्यात गेला होता. वहिनीला आता चित्रे बघता येत होती, पण त्यांना नावे देता येत नव्हती. दुसरी आम्हाला खातरजमा करताना कळली. पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉप सुरू केला, तर तो सुरूच होईना. मस्टरवरचा माणूस गैरहजर आहे, आणीबाणी आहे, अशा अर्थाचे काहीतरी पडद्यावर लिहून थांबला. पेन ड्राइव्ह लावला की सुरळीत चालू.

“कायम झाला,” हेडक्लार्क म्हणाले. “आता याला कोणी काढू शकत नाही.”

केव्हाही काढता यावी म्हणूनच बनवलेली वस्तू समितीने अडीच तासांत कायमची बसवली होती. आमच्या माहितीत इतक्या थोड्या मनुष्यबळात असे काम कोठेही झालेले नाही.

सव्वाअकराला वहिनी आत आली. तिला बसने जायला चाळीस मिनिटे लागणार होती. दादाने परिस्थिती समजावून सांगितली आणि मार्गही काढून दिला. “तू असं कर, लॅपटॉपच घेऊन जा. फक्त वाटेत बंद करू नकोस. बाईंना सांग, नावं घालता येत नाहीत, पण उघडतो मात्र आपोआप.”

वहिनीने पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाली, “सकाळपासून तुम्ही माझी चित्रं कितीदा आत घातलीत आणि बाहेर काढलीत. त्यातलं एक तरी कसं झालंय, ते बघितलंत का?”

समिती सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले. (नोंद केलेली नाही. सल्लागारांच्या मते प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.)

वहिनीने पेन ड्राइव्ह उपसला, पर्समध्ये टाकला आणि जिना उतरू लागली. दादा तिच्यामागे दारापर्यंत धावला. “अगं, असा नाही काढायचा! आधी सुरक्षितपणे काढायची पद्धत आहे!” पण तोवर खालचे फाटक वाजले होते.

त्यानंतर दादाने, काही नुकसान तर झाले नाही ना हे पाहायला, लॅपटॉप बंद करून सुरू केला. तो अर्थातच सुरू झाला नाही. आम्ही तिघे तीन वाजेपर्यंत आणीबाणीकडे पाहत बसलो.

तीनला वहिनी परतली. तिची चप्पल वाजताच आम्ही तिघेही उठून उभे राहिलो. दादाच्या चेहऱ्यावर इतकी काळजी मी आमच्या वडिलांच्या आजारपणानंतर पाहिली नव्हती.

“आणलास ना पेन ड्राइव्ह?” त्याने विचारले.

वहिनीने तो टेबलावर ठेवला आणि ती आत गेली.

हा वृत्तान्त मी आठवडाभरात एकोणीस जणांना ऐकवला. अकरा जण म्हणाले की मस्टरमधल्या त्या ओळीत एक शब्द राहिला, तो घातला असता तर गैरहजेरी चालली असती. सात जणांनी दुसरी प्रणाली सुचवली. एकाने पेन ड्राइव्ह किती जीबीचा होता ते विचारले. तुमचाही जीव मूळ बिघाडात अडकलेला असणार, म्हणून सांगून टाकतो. बिघाड नव्हताच. सेटिंगमध्ये ‘लावताच उघडावे’ अशी एक चौकट असते. तिच्यातली खूण दादानेच सुरक्षिततेसाठी चार वर्षांपूर्वी काढली होती. ती त्याने रविवारी परत लावली, मस्टरवरचे नाव खोडले, आणि आता पेन ड्राइव्ह झटक्यात उघडतो.

हे ऐकून तुम्हाला बरे वाटले, ते दिसतेच आहे. वहिनी बाराच्या आत पोचली का आणि ते काम तिला मिळाले का, तेवढे मात्र मला विचारू नका. आम्ही तिला अजून विचारलेले नाही. आणि तुम्हीसुद्धा चौकटीचे पुरते कळेपर्यंत थांबलाच होतात.