डांबरगोळ्यांची वैरीण

मार्गासनीच्या आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, कुणाच्याही घरी गेल्या की आधी कपाट हुंगतात. पाणी नंतर. डांबरगोळी सापडली की चिमटीत धरून थेट उकिरड्यावर. "आदी वास, मग लाड!" लग्नघरात शालूवाल्या बायका त्यांना बघून वाट बदलतात.

मीही एकदा सापडले होते. पन्नाशीत स्वतःला तरुण समजायचे तेव्हा. माझी पैठणी इतकी दरवळायची की माणसं वळून बघत, आणि मला वाटे, रूपाकडेच बघतायत. चारचौघांत वन्सं म्हणाल्या, "वैनी, तुमास्नी कसर लागायची न्हाई." वर्षभर बोलले नाही. आता इतका राग धरायला दम कुठून आणू?

ह्या वेडाचं कारण त्यांच्या लेकीचा मुलगा. तान्हा असताना डांबरगोळीच्या वासाच्या गोधडीत निजला आणि पिवळाधमक झाला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एक उणीव असते. त्या वासानं, हिवतापाच्या काही गोळ्यांनी, कधी नुसत्या तापानंही तांबड्या पेशी फुटतात. पोर वाचलं. वन्संनी तेवढं धरून ठेवलं: "रगत फुटतं."

गेल्या महिन्यात माझ्या नातवाचं बारसं. मी ट्रंकेतली गोधडी काढली, तर वन्संनी हिसकावलीच.

"ह्यात निजवताय लेकराला?"

"अहो, दोन दिवस उन्हात घातलीय. धुवायला हात चालत नाहीत आता."

"मग तुमी बसा."

स्वतःचं धुवट लुगडं फाडून त्यांनी बाळाला गुंडाळलं. खिडकीशी नेऊन कपाळावर अंगठा दाबून बघितला. "पिवळा न्हाई," म्हणाल्या आणि मगच खाली बसल्या.

मला लेक नाही, म्हणून आत्याचा मान त्यांचाच. बाळाच्या कानात नाव सांगायला पाळण्यात वाकल्या त्या वाकल्याच. पाठीत धपाटे घालून बायकांचे हात दुखले. जेवताना मी विचारलं, "एवढं काय सांगत होता हो?"

भात कालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा पयला. ट्रंकंतल्या दुपट्यात निजवला व्हता. पिवळा पडला. समदी म्हनली, नजर लागली. बारशाआदीच गेला."

मी त्यांच्या भातावर तूप वाढलं.

"नाव मनात व्हतं, वैनी. आज सांगून घेतलं. ह्याला काय कळतंय म्हना... पन कान तरी मिळाला."