खिडकीतले डॉक्टर

अकरा वर्षांत मी चौदा माणसं मारली आणि त्यांतलं एकही परत आलं नाही! हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. न्यू यॉर्कात दुपारच्या टीव्ही मालिका लिहिणारे आम्ही जेमतेम दोन डझन लोक असू. बाकीच्यांची मेलेली माणसं सारखी परत येतात. कोणी तळ्यात बुडतो आणि दोन महिन्यांनी कोरड्या कपड्यांनी घरी येतो. कोणाचं विमान कोसळतं आणि तो सगळं विसरून शेजारच्याच गावात किराणा विकताना सापडतो. या लोकांचं चुकतं कुठे? ते प्रेत दाखवत नाहीत! माझा नियम साधा आहे. माणूस मारायचा, प्रेत दाखवायचं, विषय संपला.

म्हणून सप्टेंबरात डॉक्टर एमरीला मारायचं ठरलं तेव्हा माझी झोप मुळीच उडाली नाही.

डॉक्टर एमरी म्हणजे आमच्या 'चेरी गल्लीतलं घर' या मालिकेतले कर्ते पुरुष. ते काम थॅडियस पूल करायचा. पांढरे केस, काळा कोट, विहिरीच्या तळातून आल्यासारखा आवाज. फक्त संवाद लक्षात राहत नसत. आणि आमचं सगळं थेट! सव्वाबाराला लाल दिवा लागतो, साडेबाराला विझतो. मधे जे होईल ते जसंच्या तसं लोकांच्या घरात जातं, आणि गेलं की गेलं. मागे काहीच उरत नाही. एका सोमवारी थॅडियस मालिकेतल्या बायकोचं नाव विसरला आणि तिला सबंध भागभर 'अहो बाई' म्हणत राहिला. मंगळवारी त्याने एका धडधाकट माणसाचा पाय कापायचं ठरवून टाकलं. बुधवारी मी त्याला हृदयविकाराने मारला. शवपेटीत तीन भाग झोपवला. तिसऱ्या दिवशी तो घोरला, तेव्हा आमच्या ऑर्गनवाल्या बाईंनी दोन्ही हात पट्ट्यांवर आपटून ते झाकलं. पण प्रेत म्हणजे काय प्रेत होतं! इतकं स्वच्छ प्रेत आमच्या धंद्यात कोणी दाखवलं नसेल.

वर मी आणखी एक युक्ती काढली. रोजच्या भागाची सुरुवात पियानोवरच्या डॉक्टरांच्या तसबिरीने करायची. पूर्ण एक मिनिट नुसती तसबीर, मागे ऑर्गन, शब्द एकही नाही. बायका रडतात आणि मला रोज एक पान कमी लिहावं लागतं. या युक्तीबद्दल मी स्वतःला दोनदा जेवायला घातलं.

पहिलं पत्र ओहायोहून आलं. 'डॉक्टरांना खिडकीत उभं केल्याबद्दल आभार. पण नोव्हेंबरची थंडी आहे. डोक्याला टोपी तरी द्यायची होती.'

मी हसलो आणि पत्र टोपलीत टाकलं. दुसऱ्या दिवशी तशीच नऊ आली. आठवडा संपता संपता दोनशे. सगळ्यांचं म्हणणं एकच. कॉर्डेलिया, म्हणजे डॉक्टरांची विधवा, दिवाणखान्यात बसली की तिच्या मागच्या खिडकीबाहेर डॉक्टर येऊन उभे राहतात. बोलत नाहीत, हलत नाहीत. मग हळूहळू विरून जातात. 'त्यांचे केस आता काळे झालेत,' एकीने लिहिलं होतं. 'मेल्यावर माणूस तरुण होतो असं माझी आई म्हणायची. पांढरा कोट शोभतो त्यांना.' शिवाय डॉक्टरांसाठी गळपट्टे येऊ लागले. हातांनी विणलेले लोकरीचे गळपट्टे, बासष्ट!

मी असलं काही लिहिलं नव्हतं. त्या खिडकीबाहेर रंगवलेली बाग, एक बादली आणि एक झाडू एवढंच होतं.

सोमवारी ट्विलिंगसाहेबांचा फोन आला. आमचा सगळा खर्च स्नोडेल साबण कंपनी करते, आणि कंपनीच्या वतीने हे साहेब.

"मिस्टर प्रेविट, शुक्रवारी कॉर्डेलियाचं दुसरं लग्न आहे ना?"

"आहे साहेब. केकसुद्धा सांगितलाय."

"जिचा पहिला नवरा खिडकीत उभा आहे, तिचं दुसरं लग्न माझ्या साबणाच्या जिवावर कसं लावता तुम्ही? तीनशे गावांतले पाद्री मला पत्रं लिहितायत!"

"साहेब, तो मेलाय. मी स्वतः मारलाय."

"मग नीट मारा! शुक्रवारपर्यंत हा गोंधळ निस्तरला नाही, तर सोमवारपासून त्या पंधरा मिनिटांत आम्ही केक कसा भाजावा ते दाखवू. तेवीस माणसांची नोकरी तुमच्या हातात आहे."

चोविसावा मी. साहेबांनी मला मोजलंच नव्हतं.

संशय अर्थात थॅडियसवर. हा म्हातारा चोरून स्टुडिओत शिरत असणार आणि खिडकीत उभा राहून मला छळत असणार! मंगळवारी मी त्याला गाठलं. तो आता एका मोठ्या दुकानात टाय विकत होता. मला पाहताच त्याने माझा हात धरून टायांच्या आड ओढलं.

"लेखका, लेका, काय चालवलंयस तू? गिऱ्हाइकं मला 'आत या' म्हणतात! मी म्हणतो, मी आतच आहे, दुकानात. काल एका बाईने मला हात लावून पाहिला आणि म्हणाली, 'गार आहेत.'"

"रोज सव्वाबाराला तू कुठे असतोस?"

"इथे! बाराला दुपारची गर्दी. विचार सगळ्यांना." मग आवाज खाली आणून म्हणाला, "खरं सांग. मी तिथे चांगलं काम करतोय का?"

मी एक टाय घेऊन बाहेर पडलो.

बुधवारी ठरवलं की आपल्या डोळ्यांनी पाहायचं. अकरा वर्षांत मी माझी मालिका घरी बसून बघणाऱ्यांसारखी कधी पाहिलीच नव्हती. स्टुडिओपासून दोन चौक सोडून मिसेस पावलकची लाँड्री आहे. तिथे टीव्ही आहे. पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. आत वाफ, ताणलेल्या चादरी, आणि सात-आठ बायका हातातलं काम थांबवून एकटक बघत बसलेल्या.

"आत यायचं तर दार लावा," मिसेस पावलक म्हणाली. "आणि तोंडही."

टीव्हीवर एक कप ठेवला होता. कॉफी, वाफाळती.

"कोणाची?" मी हळूच विचारलं.

"त्यांची. बाहेर थंडी असते हो."

कॉर्डेलिया सोफ्यावर बसून लग्नाच्या झग्याबद्दल बोलत होती. मागे खिडकी, खिडकीत काळोख. मग त्या काळोखात आधी एक पांढरा कोट आला. डोकं नंतर आलं. केस काळेभोर, चेहरा राखेच्या रंगाचा, आणि डोळ्यांच्या बाहुल्या पांढऱ्या. दोन पांढरे ठिपके. तो बायकोकडे पाहतच नव्हता. तो समोर पाहत होता, सरळ लाँड्रीत.

"आला गं," कोणीतरी म्हणालं.

"आज कोणाकडे बघतोय?"

सगळ्याजणी माना वळवून माझ्याकडे पाहू लागल्या!

मी पळत सुटलो. दोन चौक, तीन जिने. स्टुडिओत पोचलो तेव्हा लाल दिवा अजून जळत होता. खिडकीमागे गेलो. रंगवलेली बाग. बादली. झाडू. बस.

"कोणी होतं का इथे?" दिवा विझल्यावर मी आमच्या दिग्दर्शकाला, मॉरीला विचारलं.

"मला काय विचारतोस? माझा एक डोळा घड्याळावर, एक तुझ्या कागदावर. तिसरा असता तर मी सिनेमात नसतो गेलो?"

मग मला माझ्या आयुष्यातली सर्वांत हीन कल्पना सुचली. जुळा भाऊ! ज्या लेखकांच्या नावाने मी अकरा वर्षं नाक मुरडलं, त्या सगळ्यांचं शेवटचं शस्त्र. डॉक्टर एमरींचा कधीच न उल्लेखलेला जुळा भाऊ पेरू देशाहून येतो, लग्नघरात शिरतो आणि सांगतो, 'खिडकीत मीच उभा होतो, आत यायचा धीर होत नव्हता.' एका वाक्यात सगळं साफ! थॅडियसला फक्त तेवढंच वाक्य पाठ करायचं होतं. त्याने ते टायच्या आतल्या बाजूला लिहून घेतलं.

शुक्रवार. सव्वाबारा. तसबीर, ऑर्गन, एक मिनिट. मी धोका नको म्हणून स्वतः खिडकीमागे उकिडवा बसलो होतो, बादली आणि झाडू यांच्या मधे. चिलटालासुद्धा येऊ देणार नव्हतो.

दिवाणखान्यात पाद्री, नवरदेव, केक. कॉर्डेलियाचं काम करणारी वेल्मा पांढऱ्या झग्यात. दार उघडलं. थॅडियस आत आला, टाय उलटा केला आणि खणखणीत म्हणाला, "घाबरू नका! मी एमरीचा जुळा भाऊ. खिडकीत मीच उभा होतो!"

सुंदर! मी जमिनीला कपाळ टेकलं. चोवीस नोकऱ्या वाचल्या.

मग शांतता. आमच्याकडे शांतता नसते. दोन सेकंद कोणी बोललं नाही तर ऑर्गन वाजतो. ऑर्गनही वाजला नाही. मी फटीतून पाहिलं. कॅमेऱ्याशेजारी जमिनीवर एक छोटा टीव्ही असतो, बाहेर काय जातंय ते नटांना दिसावं म्हणून. थॅडियस त्याच्याकडे पाहत होता. वेल्मा पाहत होती. पाद्री पाहत होता. मग सगळ्यांनी एकदम खिडकीकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे नव्हे. माझ्या डाव्या खांद्याच्या जरा वर.

मी हळूच मान वळवली. तिथे रंगवलेली बाग होती.

"मग..." थॅडियसचा तो विहिरीतला आवाज चिरकला, "मग हा कोण?"

हे टायवर लिहिलेलं नव्हतं! नवरदेव मटकन केकवर बसला. पाद्री खरोखरीची प्रार्थना म्हणू लागला. वेल्मा मात्र तीस वर्षांची मुरलेली नटी. ती उठली, खिडकीपाशी आली आणि माझ्या डोक्यावरच्या रिकाम्या हवेला शांतपणे म्हणाली, "एमरी, बाहेर का उभा? आत ये. आणि हे काय, भाऊ आहे हे कधी बोलला नाहीस ते?"

तेवढ्यात ऑर्गनवाल्या बाई भानावर आल्या, आणि दिवा विझला.

मी तसाच वरच्या काचेच्या खोलीत धावलो. तिथे गस बसतो. पडद्यावरचं चित्र नीट दिसतंय की नाही, हे पाहणं त्याचं काम. तो डबा उघडून सँडविच खात होता.

"गस! तो कोण आहे?"

"कोण?"

"खिडकीतला!"

"अच्छा, तो डाग होय." गसने तोंड पुसलं. "दोन नंबरच्या कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी नळी म्हातारी झालीय. एकाच गोष्टीवर फार वेळ रोखून धरला की ती गोष्ट नळीला चिकटते. कॅमेरा वळवला तरी दिसत राहते थोडा वेळ. उलटी दिसते. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. रोज मिनिटभर तसबीर दाखवायचं कुठल्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे. मी चार चिठ्ठ्या लिहिल्या. 'कॅमेरा दोन, चित्र चिकटतं.' कोणी वाचतं का इथे?"

तो शहाणा मीच. माझ्या डोक्यावरून डोंगर उतरला होता. काळे केस, पांढरा कोट, पांढऱ्या बाहुल्या! सगळा हिशोब जुळला.

"म्हणजे बुधवारी लाँड्रीत मी पाहिलं ते हेच!"

"बुधवारी?" गस चावायचा थांबला. "बुधवारी दोन नंबर बंद होता. सबंध भाग एकाच कॅमेऱ्यावर केला. तसबीर दाखवलीच नाही. सुरुवातीला साबणाचा डबा दाखवला. चिकटला असता तर डबा चिकटला असता."

गसने उरलेलं सँडविच डब्यात परत ठेवलं आणि झाकण लावलं.

"मी नळी आजच बदलतो," गस म्हणाला. "तसबीरही काढ."

फोन वाजला. ट्विलिंगसाहेब! मी डोळे मिटून कानाला लावला.

"प्रेविट! कंपनीत अकराशे फोन आले! दोन-दोन डॉक्टर! अलौकिक! केक भाजणं रद्द. तुम्ही सगळे राहताय. आणि ऐका, खिडकीतला काढायचा नाही हं. तो साबणाला लाभतोय."

पण गसने आयुष्यात पहिल्यांदाच एखादं काम लगेच केलं होतं. सोमवारी नळी नवी, तसबीर अडगळीत, खिडकी रिकामी. खरंच रिकामी आहे ना, हे पाहायला मी स्वतः खिडकीमागे उभा राहिलो. मंगळवारीही राहिलो. बुधवारी तर नक्कीच. गार वाटायचं तिथे, म्हणून बासष्टातला एक गळपट्टा गुंडाळला. मॉरी नेहमीप्रमाणे घड्याळाकडे पाहत होता. उकिडवं बसायचं मात्र माझ्या लक्षात राहिलं नाही.

गुरुवारी ओहायोच्या त्याच बाईचं पत्र आलं. 'डॉक्टर आता दिसत नाहीत, वाईट वाटतं. पण त्यांच्या जागी रोज एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस पेन्सिल चावत उभा असतो. मी विणलेला गळपट्टा त्याच्या गळ्यात आहे! डॉक्टरांना यानेच मारलं असणार. चेहऱ्यावर दिसतं. बरं झालं, पांढऱ्या बाहीतला एक हात त्याच्या डाव्या खांद्यावर आहे. सुटायचा नाही तो.'

तशी चारशे पत्रं आली आहेत. ट्विलिंगसाहेब खूश आहेत. त्यांच्या मते बायकांना न्याय हवा, आणि चष्मेवाल्याला नाताळच्या आत मेलंच पाहिजे. रोज सव्वाबाराला मला खिडकीत उभं राहावं लागतं, संवाद नाही. थॅडियस जुळा भाऊ म्हणून पुन्हा कामावर लागलाय आणि येता-जाता मला सांगतो, "लेका, जरा जीव ओतून उभा राहा."

माझ्या मरणाचा भाग मलाच लिहायचा आहे. काल रात्री लिहून पूर्ण केला. तळ्यात बुडवलं आहे मी मला. प्रेत सापडणार नाही.