एका घराचे तीन भाडेकरू

घर शोधणं ही कला आहे आणि त्या कलेत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी साडूला त्याच्याच घरी, त्याच्याच सोफ्यावर बसून सांगितलं. बायकोची बदली या बंदरातल्या दवाखान्यात झाली आणि आम्ही 'चार दिवस' म्हणून साडूकडे उतरलो. त्याला दोन महिने झाले. साडू हल्ली मला बघितलं की घड्याळ बघतो.

"रविवारपर्यंत घर मिळालं नाही," बायको म्हणाली, "तर मी नर्सेसच्या हॉस्टेलवर चालले. तिथं पुरुषांना परवानगी नाही. तुम्ही आणि भाऊजी सुखानं नांदा!"

झालं! मी कामाला लागलो. एका दिवसात तिघांना पटवलं. धक्क्यावर जाळी विणणाऱ्या आजोबांना घराचं सांगितलं आणि जाता जाता गाठ कशी मारावी तेही अर्धा तास समजावलं. बर्फाच्या कारखान्यातल्या मुकादमाला घराचं सांगितलं आणि बर्फ लवकर का वितळतो तेही सांगितलं. मग सलूनमध्ये दाढीला बसलो. "छोटं घर हवंय," एवढंच म्हणालो आणि न्हाव्यानं तोंडाला फेस फासला. पुढे गळ्यावर वस्तरा! कोण बोलतो?

तिघांनी शब्द दिला आणि पाळला. घोटाळा एवढाच, की गावात रिकामं घर एकच होतं!

किनाऱ्यालगत दोन खोल्या, निळी खिडकी. मालकीणबाई शेजारीच राहायच्या. मी मुकादमाचं नाव सांगून दार वाजवलं.

"अगंबाई, तुम्ही होय ते!" बाई म्हणाल्या. "घराला तीन गिऱ्हाइकं आलीत. एक जाळीवाल्या आजोबांचा. मेला त्यांनाच गाठी शिकवतो! दुसरे मुकादमाचे तुम्ही. तुमच्या तोंडाला कुलूप नाही म्हणे. घर देणार मी न्हाव्याच्या गृहस्थांना. देवमाणूस! अख्खी दाढी होईपर्यंत चकार शब्द नाही!"

"अहो बाई, तिघंही मीच!"

"घरासाठी इतकं खोटं? शोभतं का या वयात?" आणि दार धाडकन बंद.

बायकोला सांगितलं. ती हसलीसुद्धा नाही, नुसती माझ्या मिशीकडे बघत राहिली.

"मिशी काढा. टोपी घाला. न्हाव्याबरोबर जाऊ. आणि तोंड उघडायचं नाही! बोलेन ते मी."

बावीस वर्षं जपलेली मिशी होती हो! रडूच आलं मला.

रविवारी सकाळी न्हावी आम्हाला घेऊन गेला. "हेच ते!" तो अभिमानानं म्हणाला. मी मान खाली घालून नमस्कार केला. बाई विरघळल्याच.

"नाहीतर तो मुकादमाचा! काय ते ध्यान!"

मी मान डोलावली.

"चेहऱ्यावरूनच लबाड वाटत होता."

मी पुन्हा डोलावली. बायकोनं तर माझ्यापेक्षा जोरात डोलावली!

बाई किल्ली घेऊन दाराशी गेल्या. खाऱ्या हवेनं कुलूप गंजलेलं. किल्ली उजवीकडे फिरवली, ढिम्म. पुन्हा उजवीकडे. पुन्हा उजवीकडेच! मी ओठ चावले. मुठी आवळल्या. समुद्राकडे बघितलं. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. बाईंनी चौथ्यांदा उजवीकडे फिरवली.

"अहो बाई, तशी नाही! आधी किल्ली जराशी बाहेर ओढा, मग उलटी फिरवा! कुलपांचं मला विचारा!"

बाईंचा हात थांबला. त्यांनी वळून माझ्या मिशीच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू राहा गं बाळ इथं," त्या बायकोला म्हणाल्या. "तुझी दया येते मला. पण हा माणूस उंबऱ्याच्या आत नको!"

बायकोनं अट मान्य करायला किती वेळ घ्यावा? एका श्वासाइतकासुद्धा नाही!

असो. ती आता समुद्रकिनारी राहते आणि मी साडूकडे. पण कुलूप शेवटी किल्ली उलटी फिरवूनच उघडलं, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. फाटकाबाहेरून!