कंट्रोल सुटला आणि उखाणा हुकला

"कापाकापी तो करतो ज्याले उडी मारता येत नाही," असं जाहीर करून दयारामने लॅपटॉपचं झाकण अशा ऐटीत उघडलं, की जणू आत सत्यनारायणाचा प्रसादच ठेवलाय!

"बाबा, मैं सबके अलग-अलग क्लिप बना देती ना," सोनल म्हणाली. "कावून एवढं टेन्शन घेऊन राहिले?"

"तुले नाही समजत, पोरी. हे कौशल्याचं काम हाय."

काम असं होतं. स्टील प्लँटच्या वसाहतीतल्या सेक्टर 10 च्या मराठी मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांचे उखाणे मोबाईलवर रेकॉर्ड केले होते. सगळे एकाच लांबलचक फाईलमध्ये, आणि मधेमधे बांगड्यांचा किणकिणाट, कुकरच्या शिट्ट्या, तिळाची वडी कोणाची कडक झाली यावर चर्चा. त्यातले निवडक उखाणे स्नेहसंमेलनात स्पीकरवर ऐकवायचे होते. नवऱ्यांनी समोर बसून ऐकायचं आणि जमेल तसं लाजायचं! ऐकवायचं काम दयारामने हट्टाने मागून घेतलं. प्लँटच्या ऑफिसात आयुष्यभर क्लार्की केलेला माणूस. की-बोर्डला तो भीत नव्हता, ही त्याची मुख्य अडचण.

पंधरवडाभर त्याने जुन्या भजनांवर सराव केला. "हे पाहा," तो येईल त्या पाहुण्याला धरून सांगे, "शिफ्ट दाबून बाण दाबला की आवाज चिमूटभर पुढं जाते. आल्ट दाबलं की मूठभर. अन् कंट्रोल दाबलं की टोपलंभर, म्हणजे अख्खं मिनिट." पाहुणा चहा न घेताच उठे.

पण एवढ्या हट्टामागे एक हळवं कारण होतं, आणि ते त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. कमलिनीने लग्नात उखाणा घेतलाच नव्हता. ऐनवेळी मान खाली घातली ती घातलीच. पुढे 'अहो' आणि 'सोनलचे बाबा' यांवर संसार निघाला. दयाराम हे नाव बायकोच्या तोंडून त्याने एकदाही ऐकलं नव्हतं. आणि यंदाच्या हळदीकुंकवात तिने म्हणे नाव घेतलं! काय घेतलं, ते ती सांगेना. फाईलही तिने मंडळाच्या सेक्रेटरी वंदनाकडेच ठेवायला लावली. "सगळ्यांसंगं ऐका," एवढंच म्हणाली.

म्हणून फाईल त्याच्या हाती आली ती थेट कार्यक्रमाच्या दिवशी. वंदनाने कुठल्या मिनिटाला कोण आहे ते सांगितलं आणि वर सूचना दिली, "काका, कमलिनीकाकूंची पहिली ओळ झाली की सगळ्या हासून राहिल्या हायत. तेवढं हासणं उडवून द्या."

"चिमूटभरच ना? समज, उडालं."

पहिले काही उखाणे सुरळीत गेले. मिनिट टाकायचं, एंटर मारायचं, बाई बोलायची, टाळ्या पडायच्या. दयारामची मान ताठ होत चालली. मग कमलिनीचा नंबर आला. ती तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसली होती. दयारामने तळहात पँटला पुसले आणि एंटर मारला. स्पीकरमधून तिचा आवाज आला:

"लोखंडाचं पोलाद झालं, भट्टीची लागून आंच..."

रेकॉर्डिंगमधल्या बायकांचा हशा सुरू झाला. दयारामने शिफ्ट दाबायला बोट नेलं. पण शिफ्ट आणि कंट्रोल हे एकाच कोपऱ्यातले शेजारी, एक वर, एक खाली. बोट शेजाऱ्याकडे गेलं. आवाजाने मिनिटभराची उडी मारली आणि थेट दुसऱ्याच बाईच्या उखाण्यात पडला:

"हिरालालरावांचं नाव घेते, पेटवून ठेवली चूल!"

सभागृह हसून फुटलं. हिरालाल म्हणजे दयारामचा सख्खा शेजारी, रोलिंग मिलमधला. तो पहिल्या रांगेत बसला होता आणि समोसा त्याच्या घशात अडकला होता. त्याची बायको भागीरथा म्हणाली, "अवो, ही चूल तर माही हाय. आंच कमलिनीची कशी काय लागली?"

"टेक्निकल हाय, वहिनी, टेक्निकल," दयाराम ओरडला आणि उलटा बाण दाबत सुटला. आवाज थोडा मागे सरकला. आता भागीरथाच सुरू झाली:

"टोपल्यात टोपलं, टोपल्यात मोहाचं फूल..."

ही नको, आपली हवी, म्हणून त्याने घाईने कंट्रोल दाबून मिनिटभर मागे उडी मारली. क्षणभर रेकॉर्डिंगमधला हशा वाजला, आणि मग कमलिनीचा आवाज:

"दयारामरावांसंगं..."

त्याने घाबरून स्पेस दाबला. आवाज बंद.

मोहाचं फूल दयारामरावांसंगं! मागच्या रांगेतून शिट्टी आली. भागीरथाने कपाळावर हात मारला. आणि दयारामला कळून चुकलं, की ज्या नावासाठी उभा जन्म वाट पाहिली ते बायकोने घेतलं, आणि ते आपण शेजारणीच्या टोपल्यात टाकलं. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

हिरालाल पाणी पिऊन उठला. "दयारामभाऊ, हात मागं घ्या. बिलकुल कुठं लावू नका."

कमलिनी मंचावर आली. तिने नवऱ्याचे दोन्ही हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवले, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि वंदनाला विचारून फाईल आपल्या उखाण्याच्या आरंभाला नेली. मग कशालाही हात न लावता सगळं वाजू दिलं. पोलाद झालं, आंच लागली, बायका पोटभर हसल्या, आणि मग तिचा आवाज खणखणीत आला:

"दयारामरावांसंगं सात नाही, जन्म मागते पाच!"

टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. दयाराम मात्र बोटांवर मोजत बसला. नाव ऐकलं, डोळे भरून आले, पण हिशेब लागेना.

स्कूटरवर बसताना त्याने हळूच विचारलं, "बाकीचे दोन कुठं गेले?"

"तुमाले प्लँटात हप्त्याले दोन ऑफ भेटत होते का नाही? मले नको?"

हे त्याला पटलं. उलट बरंच वाटलं. सातातले पाच म्हणजे फर्स्ट क्लासच झाला की! सुपेल्याच्या चौकात सिग्नलला थांबल्यावर तो खुशीत म्हणाला, "पाच तर पाच."

मागून कमलिनी म्हणाली, "ते संक्रांतीचं होतं. आजच्यानंतर चार समजा."