एकमताने यस

मांडवीच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत व्यावसायिक इंग्रजीचं नवं पाठ्यपुस्तक ठरवण्यासाठी त्रिसदस्यीय मूल्यमापन समिती रीतसर नेमण्यात आली. विषय गंभीर होता. हॉटेलच्या नोकरीसाठी शिकणारी मुलं जुन्या पुस्तकातून अजूनही तार कशी करावी हेच गिरवत होती, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलाखती होत्या.

शिकवणाऱ्या श्रुती मॅडमनी खटपट करून एक चांगलं पुस्तक शोधून काढलं. पाहुण्यांशी कसं बोलावं, तक्रार कशी ऐकून घ्यावी, सगळं त्यात होतं. समितीतल्या उरलेल्या दोघांनी, म्हणजे प्राचार्य सुहास सर आणि विश्वस्त भागोजीशेठ यांनी, पुस्तक हातात धरून त्याचं वजन पाहिलं. वजन समाधानकारक होतं.

मग मुंबईहून संस्थेचे अध्यक्ष व्हिडिओवर अवतरले. इंग्रजीच्या पुस्तकावरची चर्चा इंग्रजीतच होईल, असा त्यांचा दंडक होता. त्यामुळे चर्चा झालीच नाही. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "वुड यू माइंड इफ वुई ॲडॉप्ट धिस बुक?"

"यस!" भागोजीशेठ म्हणाले.

"यस, यस!" प्राचार्यांनी री ओढली. काम इतक्या झटपट होतंय या आनंदात मॅडमच्याही तोंडून "यस सर" निसटलं.

तिघांचीही हरकत असल्याची नोंद घेऊन अध्यक्षांनी पुस्तक फेटाळलं, समितीच्या बाणेदारपणाचं कौतुक केलं आणि ते पडद्यावरून गेले.

मॅडमच्या आता कुठे लक्षात आलं. "सर, आपण उलटंच बोललो हो! त्यांना फोन करूया."

"वाईच थांबा," प्राचार्य म्हणाले. "सांगणार काय? इंग्रजीच्या समितीला इंग्रजी कळला नाय म्हणून?"

"मग पोरांचं काय?"

"शिकतील हो," भागोजीशेठ म्हणाले. "आपण नाय शिकलो?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जड मनाने तारेचा धडा उघडला आणि वर्गाला विचारलं, "वुड यू माइंड इफ आय टीच धिस अगेन?"

"यस," पहिल्या बाकावरची मनस्वी म्हणाली.

"अगो, अशा वेळी नो म्हणायचं," मॅडम थकून म्हणाल्या. "यस म्हणजे हरकत आहे."

"माहीत आहे, मॅडम. माझी हरकतच आहे."

पण हरकत घेण्याचा अधिकार फक्त समितीला होता, आणि तो समितीने आधीच बजावला होता. तार पुन्हा सुरू झाली.

आणि वाचकहो, मघाशी अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा तुम्ही मनातल्या मनात काय म्हणालात?